ससून डॉक, सकाळी सव्वासात: दोन कॅनव्हासच्या नोंदी

१५ डिसेंबर २०२४, रविवार

कॅनव्हास ताणून बसवायच्या चौकटी, म्हणजे दोन स्ट्रेचर, तयार होऊन आले. माप ४८ बाय ६३ सेंटिमीटर. सुताराने दोनदा विचारलं, १८ बाय २४ इंची तयार मिळते, मग हे आडमाप कशाला? माप फ्रेंच चित्रकार मोनेच्या ‘इम्प्रेशन, सनराइज’चं आहे. ते चित्र पॅरिसच्या मार्मोतां मोने संग्रहालयात आहे, मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. छापील पानावर ते कधी पोस्टकार्डाएवढं होतं, कधी भिंतभर, त्यामुळे त्यातला एक फटकारा हाताने किती रुंद ओढला असेल हे कळतच नाही. आज त्याच मापाची कोरी चौकट टेबलावर उभी केली आणि पहिल्यांदा अंदाज आला. त्या चित्रातला सूर्य जेमतेम एखाद्या नाण्याएवढा असणार. एवढ्याशा ठिपक्यावर अख्खं बंदर पेटतं.

हे चित्र ज्यात लागलं, त्या मोने आणि सोबत्यांच्या पहिल्या प्रदर्शनाचं हे दीडशेवं वर्ष. १५ एप्रिल १८७४ ला नादार या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत तीसेक चित्रकारांनी सलोंची, म्हणजे सरकारी प्रदर्शनाची, वाट न बघता आपलं प्रदर्शन भरवलं. कॅटलॉगसाठी नाव विचारल्यावर मोने म्हणाला, याला ल हाव्र बंदराचं दृश्य म्हणता येणार नाही, ‘इम्प्रेशन’ घाला. टीकाकार लुई लरुआने तोच शब्द चेष्टेसाठी उचलला आणि चळवळीला इम्प्रेशनिझम हे नाव मिळालं. मराठीत आपण दृक्प्रत्ययवाद म्हणतो. अल्बर्ट ससूनने बांधलेला ससून डॉक १८७५ चा आहे. म्हणजे पॅरिसमध्ये ही चेष्टा चालली होती तेव्हा कुलाब्यात या गोदीचे दगड बसत होते. तेही बंदर, हेही बंदर. तिथेही सूर्य पाण्यापलीकडून धुरकटातून वर येतो, इथेही. मला नक्कल करायची नाही. त्या पद्धतीने पाहिलं तर माझ्या शहरातली सकाळ कशी दिसते, ते बघायचं आहे.

कॅनव्हास दोन का, त्याचं कारण पाणी. ३ तारखेला पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा होड्या धक्क्याच्या खूप खाली होत्या, वरून नुसती केबिनची छपरं आणि डोलकाठ्या दिसत होत्या. ९ तारखेला गेले तर त्याच होड्या धक्क्याच्या बरोबरीने तरंगत होत्या आणि भिंत पाण्यात गडप. एकाच जागेची दोन वेगळी चित्रं. किनाऱ्यावर राहणाऱ्यांचा हिशोब साधा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सूर्य येतो तेव्हा पाणी नुकतंच भरून गेलेलं. बीजेला दीड वाजता भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या पुढेमागे पाणी अगदी तळाला. सूर्योदयही सध्या सातनंतर थोड्याच वेळात. तेव्हा एक कॅनव्हास अष्टमीचा, एक बीजेचा. पंधरवड्यात प्रत्येकी एक सकाळ. मी शिकवते ती शाळा दुपारच्या सत्राची असल्यामुळे कामाच्या दिवशीही जाता येईल.

२१ डिसेंबर, शनिवार

दोन्ही कॅनव्हासवर फिकट करडा हात दिला, थोडा ऊबदार. पांढऱ्या कोऱ्या पृष्ठभागावर धुरकट रंगवायला बसलं की प्रत्येक रंग काळपट वाटतो आणि आपण घाबरून सगळंच उजळ करत सुटतो.

रंग ठरवले. मोनेने १९०५ मध्ये एका पत्रात आपले रंग मोजून दिले होते: शिशाचा पांढरा, कॅडमियम यलो, व्हर्मिलियन, गडद मॅडर, कोबाल्ट ब्लू, एमरल्ड ग्रीन. सहा, बस्स. काळा नाही. शिशाचा पांढरा विषारी, म्हणून मी टायटॅनियम घेतला आहे, पण तो फार जोरकस आहे, थेंबभर जास्त पडला की रंग खडूसारखा होतो. मॅडरच्या जागी अलिझरिन क्रिमझन हा लाल, एमरल्डच्या जागी व्हिरिडियन हा हिरवा.

अलिझरिनच्या ट्यूबचं झाकण अडकून बसलं होतं. जळती काडी झाकणाभोवती फिरवली, पकडीने हलकेच पिळलं, सुटलं. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाची पिळायची ट्यूब काढली, त्याआधी तेलरंग डुकराच्या फुग्यात बांधून न्यावे लागत. ही नळी नसती तर बाहेर उघड्यावर बसून तेलरंगात काम करणं किती कठीण झालं असतं, हे असं झाकण सोडवताना चांगलंच जाणवतं.

२३ डिसेंबर, सोमवार. अष्टमी, भरती

पहाटेची लोकल, मग बस. सहाला आत. फोटो काढायला मनाई आहे असं गेटवर सांगितलं, चित्राला हरकत नाही म्हणाले. ते एका अर्थी बरंच झालं. फोटो हाताशी असला की डोळा आळशी होतो.

लिलाव ऐन भरात होता. ओल्या फरशीवर कोलंबीचे ढीग, माकूल, बांगडे, बर्फ फोडल्याचा आवाज, हातगाड्या, ‘बाजू, बाजू’. मी कोपऱ्यात, जाळी पसरलेली असतात त्या बाजूला, एका उपड्या क्रेटवर बसले. गुडघ्यावर पेटी, समोर घडीचं इझल.

आज फक्त मोठे भाग टाकले. पाणी आणि आकाश एकाच निळसर करड्याने, मध्ये क्षितिज ठेवलंच नाही, कारण दिसत नव्हतं. द्रोणागिरीचा डोंगर असायला हवा त्या दिशेला फक्त किंचित जांभळट डाग. होड्यांना इथे रंगांची हौस: निळी केबिन, पिवळा पट्टा, लाल नाव, वर झेंडे. पण शंभर पावलांवर, धुरकटातून, उजेडाच्या विरुद्ध बाजूने बघताना त्यातलं काहीही दिसत नाही. सगळ्यांचा मिळून एक निळा-जांभळा आकार होतो. हाताला माहीत असतं की ती होडी लाल आहे. तो हात अडवावा लागतो.

सूर्य दिसला तेव्हा सात वाजून गेले होते. थेट पाण्यातून नाही, पाण्याच्या चार बोटं वर, धुरकटातून एकदम गोल. नारिंगी. डोळे न मिचकावता बघता येत होता. हात भरभर चालवला, पण पंधरा-वीस मिनिटांत तो पिवळा होऊन डोळ्यांत जायला लागला.

घरी येऊन आकडेमोड केली. ल हाव्र साडेएकोणपन्नास अक्षांशावर, मुंबई एकोणीसवर. तिथे हिवाळ्यातला सूर्य तिरपा, आळसावत चढतो, आपल्याकडे जवळजवळ उभा. चढण्याचा वेग आपल्याकडे साधारण दीडपट पडतो. मोनेला तो रंग जितका वेळ दिसला असेल त्याच्या दोन तृतीयांश वेळ मला. म्हणजे रंग आधी कालवून न्यायचे.

१ जानेवारी २०२५, बुधवार. बीज, ओहोटी

थंडी होती, मुंबईच्या मानाने खरी थंडी. धक्क्यावर गर्दी तेवढीच.

पाणी तळाला. भिंतीचा खालचा अर्धा भाग उघडा पडलेला: वर कोरडा काळा दगड, मग शेवाळाचा हिरवट पट्टा, खाली कालवांचा खरखरीत थर, आणि मग पाणी, जाड, तेलकट. होड्या खोल खाली गेलेल्या, दोर ताणून जवळजवळ उभे झालेले. टोपल्या वर ओढून घेत होते. सूर्य समोर आल्यावर हिरवा पट्टा हिरवा राहिला नाही, गुलाबी करडा झाला. तो रंग कालवायला वीस मिनिटं गेली: व्हिरिडियन, अलिझरिन, पांढरा. दोन विरुद्ध रंग एकमेकांना मारून जो करडा देतात, तो काळा-पांढरा मिसळलेल्या करड्यापेक्षा कितीतरी जिवंत असतो. त्यात बाजूला नारिंगी ठेवलं तर तो थंड दिसतो, निळं ठेवलं तर गरम.

बसल्याबसल्या एक गोष्ट आठवत राहिली. मोनेच्या त्या चित्राच्या कोपऱ्यात ‘७२’ लिहिलं आहे, तरी ते नक्की कधीचं यावर बराच वाद होता. डोनाल्ड ओल्सन नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने तो उलगडा केला. मोने उतरला होता त्या हॉटेलच्या खिडकीतून सूर्य कुठल्या दिशेला किती उंचीवर दिसतो ते काढलं, आणि मग पाणी बघितलं: मोठी जहाजं त्या बंदरात भरतीच्या वेळीच आत-बाहेर करू शकत, आणि चित्रात तर पाणी भरलेलं आहे. जोडीला हवामानाच्या नोंदी. सगळं जुळवून सर्वात शक्य उत्तर आलं १३ नोव्हेंबर १८७२, सकाळी ७ वाजून ३५ मिनिटं. ज्या चित्राला ‘अपुरं’, ‘नुसता ठसा’ म्हणून नावं ठेवली, त्यात भरती-ओहोटी इतकी नेमकी उतरली होती की एकशेचाळीसेक वर्षांनी त्यावरून तारीख काढता आली. मला हे फार मोठं वाटतं. धूसर म्हणजे ढोबळ नव्हे.

७ जानेवारी, मंगळवार. अष्टमी, भरती

भरतीच्या कॅनव्हासवर दुसरा हात. पहिला थर वाळला आहे, पण रंग मेले आहेत. कॅनव्हासचं प्राइमिंग, म्हणजे रंगाआधीचं अस्तर, कच्चं निघालं, तेल पिऊन टाकलं आणि निळे सगळे राखेसारखे झाले. ज्या दुकानातून कापड घेतलं तिथे दुहेरी हात दिलाय म्हणून सांगितलं होतं. रिटच वार्निशचा पातळ हात दिल्यावर रंग परत वर आले. पुढच्या वेळी प्राइमिंग घरीच.

आज पाण्यातलं प्रतिबिंब. आडवे फटकारे, आठ नंबरचा चपटा ब्रश, एका फटकाऱ्यात एकदाच रंग. खालचा करडा ओला असताना नारिंगी ओढलं की ब्रश करडा उचलतो आणि फटकारा सुरुवातीला झळकतो, शेवटी मावळतो. तेच हवं होतं. दुसऱ्यांदा त्यावरून ब्रश नेला की संपलं, चिखल होतो. त्यामुळे एक फटकारा, ब्रश पुसायचा, पुढचा. असे अकरा फटकारे झाले.

सूर्य मात्र जमत नाही. उजेड हवा म्हणून कॅडमियममध्ये पांढरा घातला, आणखी घातला. आता तो सूर्य नाही वाटत, कॅनव्हासला भोक पडून मागून ट्यूबलाइट दिसावी तसा दिसतो.

एका मावशींनी येऊन बराच वेळ पाहिलं, मग विचारलं, “विकायला बसलीस का?” म्हटलं, नाही, शिकायला. “मग बस,” म्हणाल्या आणि पाटी उचलून गेल्या. इथे लिलावात आवाज बायकांचा, हिशोब बायकांचा. मला बर्थ मोरिसो आठवते. पहिल्या प्रदर्शनात मोनेच्या बरोबरीने तिची चित्रं होती, त्यात पाळण्यातल्या बाळाकडे बघणारी बहीण होती. १८६९ मध्ये तिने लोरियांचं बंदर रंगवलं, तिथेही धक्क्याच्या कठड्यावर बहीणच बसली आहे, नीटनेटकी, छत्री घेऊन. तिच्या घरच्या बाईला पहाटे एकटीने गोदीत, माशांच्या राड्यात बसणं शक्यच नव्हतं. मला आहे. त्याचं मोल मी समजून आहे.

९ जानेवारी, गुरुवार. घरी

भरतीच्या कॅनव्हासचा मोबाइलवर फोटो काढला आणि रंग काढून टाकले, नुसता काळा-पांढरा. माझा सूर्य पांढराफटक चमकतो. मग शेजारी ‘इम्प्रेशन, सनराइज’च्या चांगल्या छपाईचा तसाच फोटो. सूर्य जवळजवळ नाहीसा! आकाशात विरघळून गेला. मार्गारेट लिव्हिंगस्टन या हार्वर्डच्या मेंदूशास्त्रज्ञ बाईंनी हे दाखवून दिलं होतं, वाचलेलं होतं, पण स्वतःच्या हाताने करून बघितल्यावर काटा आला अंगावर. मोनेचा सूर्य भोवतीच्या करड्यापेक्षा उजळ नाहीच. त्याची उजळी तेवढीच, फक्त रंग उलटा: निळसर करड्यात नारिंगी. मेंदूचा जो भाग उजेड-अंधार आणि जागा ओळखतो त्याला तो सूर्य सापडत नाही, आणि जो रंग ओळखतो त्याला तो लख्ख दिसतो. म्हणून तो एका जागी ठरत नाही, धडधडतो.

मी पंचवीस वर्षं मुलांना टोन शिकवते आहे. उजेड म्हणजे हलका टोन, सावली म्हणजे गडद. ते चूक नाही. पण या एका जागी ते चालत नाही, आणि माझा हात तिथेच अडकला आहे.

१५ जानेवारी, बुधवार. किंक्रांत. बीज, ओहोटी

काल संक्रांत झाली, पिशवीत तिळाच्या वड्या होत्या. जाळं शिवत बसणारे एक काका रोज माझ्या डाव्या हाताला असतात. पूर्वी तांडेल होते, आता गुडघे चालत नाहीत म्हणून जाळ्यांवर. त्यांना वडी दिली. आजवर नुसती मान हलवायचे, आज पहिल्यांदा चित्राकडे वळून बसले. ओहोटीच्या कॅनव्हासवरचा सूर्यही मी गेल्या वेळी पांढरटच ठेवला होता.

“बाई, हा सूर्य किती वाजताचा?”

“आत्ताचा. सव्वासातचा.”

“नाही. पांढरा झाला म्हणजे लिलाव संपला, बायका घरी गेल्या. तुमच्या चित्रात तर अजून टोपल्या वर येतायत.”

हातातली सुई न थांबवता बोलले. काकांना टोन-बिन काही सांगायची गरज नव्हती. त्यांच्या घड्याळात सूर्याचा रंग हाच काटा आहे: तांबडा असताना माल उतरतो, नारिंगी असताना भाव लागतो, पांढरा झाला की फरशी धुतात. मी सूर्य पांढरा करून चित्रातली वेळ दोन तासांनी पुढे ढकलली होती.

तिथेच सुरीने सूर्य खरवडून काढला. जागा मोकळी ठेवून बाकीचं काम केलं: दोर, भिंत, खालच्या केबिनचं छप्पर.

२२ जानेवारी, बुधवार. अष्टमी, भरती

आज भरतीचा सूर्य खाली आणायचाच म्हणून गेले. जुना खरवडला. व्हर्मिलियनमध्ये जरा कॅडमियम यलो, पांढरा बिलकूल नाही, आणि जाड, सुरीनेच लावला. पुन्हा चूक, या खेपेला उलट्या बाजूने. आकाशापेक्षा गडद झाला. कपाळावर कुंकू लावावं तसा कॅनव्हासवर चिकटून बसला, मागे गेलाच नाही.

वैतागून आवरलं. ओला कॅनव्हास नेताना मी दुसरा कॅनव्हास त्याच्यावर तोंडाला तोंड लावून ठेवते, चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे, वरून सुतळी. बसमध्ये कोणीतरी आडवं आलं म्हणून करकचून ब्रेक लागला, पिशवी पडली, एक बूच निसटलं. घरी उघडून बघते तर भरतीचा जाड सूर्य ओहोटीच्या चित्रावर उमटलेला. उजवीकडचा डावीकडे, भलत्या जागी, होड्यांच्या वरच्या करड्यात. इकडचा सूर्य चेपला, तिकडे डाग पडला. रडू यायचं बाकी होतं. शाळेची वेळ झाली म्हणून तसंच टाकून गेले.

२३ जानेवारी, गुरुवार. घरी

सकाळी उजेडात ओहोटीच्या चित्रावरचा डाग सुरीने काढला. खालचा थर वाळलेला होता, म्हणून जाड रंग निघून आला, पण कापडाच्या विणीत थोडा राहिला. कापसाने पुसायला गेले आणि हात थांबला.

जो पातळ नारिंगी राहिला होता तो चमकत होता. कालच्या सूर्यापेक्षा, आजवरच्या सगळ्यांपेक्षा जास्त. करड्याच्या दाण्यांमधून नारिंगी डोकावत होता, कडा कुठे सुरू होते ते सांगता येत नव्हतं. फोटो काढला, रंग काढून टाकले: डाग नाहीसा. बरोबर तोच टोन. गेला महिनाभर ब्रशने जे साधलं नाही ते अपघाताने होऊन बसलं होतं, चुकीच्या चित्रावर, चुकीच्या जागी.

ठेवता आला नाही, तिथे सूर्य येतच नाही. पण पुसण्याआधी त्याच्या शेजारी एका पुठ्ठ्यावर तो रंग जुळवून घेतला. व्हर्मिलियन, कॅडमियम यलो, आणि पांढऱ्याऐवजी आकाशाचाच करडा, तीन भागांत एक. आकाशाचाच करडा! सूर्याला उजळ करायला मी बाहेरून पांढरा आणत होते. आकाशातलंच थोडं त्याच्यात घातल्यावर तो आकाशात बसला.

३१ जानेवारी, शुक्रवार. बीज, ओहोटी

जागा हलली आहे. डिसेंबरात सूर्य ज्या डोलकाठीच्या उजवीकडे यायचा, आज तिच्या डावीकडे आला. हात ताठ करून मोजलं, चार बोटं. उत्तरायण पंचांगात वाचणं वेगळं आणि डोलकाठीच्या आडून बघणं वेगळं. चित्रात पहिल्या दिवसाची जागाच कायम ठेवली. होड्या रोज वेगळ्या येतात, तरी त्यांचा एकच घोळका केला आहे, तसंच हेही. १८९२ आणि ९३ मध्ये मोने रुआंच्या कथीड्रलसमोर खोल्या भाड्याने घेऊन बसला, उजेड हलला की कॅनव्हास बदलायचा, तीसच्या वर चित्रं झाली. त्याने त्यातली बरीचशी पुढे जिव्हर्नीच्या घरी बसून पुरी केली. एका क्षणाचं चित्र एका क्षणात होत नाही, हे मला आता पुरतं कळलं आहे.

ओहोटीच्या चित्रात सूर्य लावला. जुळवलेला रंग, एक नंबर मोठा ब्रश, अगदी कमी रंग, एकदा टेकवला आणि उचलला.

आज धुरकट फार दाट होतं. घशात खवखवत होतं, काकाही खोकत होते. याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ल हाव्रच्या त्या चित्रातही निव्वळ धुकं नाही, धुराड्यांचा धूर आहे. माझ्या चित्रातला जांभळा करडा अर्धा समुद्राच्या ओलीचा, अर्धा आपण हवेत सोडलेल्या धुराचा आणि धुळीचा. तो सुंदर दिसतो म्हणून मी तो सुंदर रंगवते आहे, आणि तो श्वासात जातो म्हणून मला त्याची भीती वाटते. दोन्ही खरं आहे. चित्रात एकच येतं, म्हणून दुसरं इथे लिहून ठेवते.

५ फेब्रुवारी, बुधवार. अष्टमी, भरती

भरतीचं चित्र पुरं झालं. सूर्य तिसऱ्यांदा लावला, आधीचा खरवडून, आकाशाचा करडा मिसळून. लावल्यावर पाच मिनिटं काहीच केलं नाही. मग पाण्यातल्या अकरा फटकाऱ्यांपैकी सर्वात वरचे दोन किंचित उजळ केले, तेवढ्याने सूर्य मागे सरकला आणि पाणी पुढे आलं.

९ फेब्रुवारी, रविवार. घरी

दोन्ही चित्रं शेजारी शेजारी. भरतीचं जास्त ‘सुंदर’ आहे, बघणारे त्याच्याकडेच आधी जातील. मला ओहोटीचं आवडतं. त्यातली उघडी भिंत कुठल्याही फ्रेंच चित्रातून आलेली नाही. ती बघूनच सापडली.

ऑस्ट्रियातून येऊन टाइम्समध्ये कलासंचालक झालेल्या वॉल्टर लँगहॅमरचं नाव मुंबईच्या चित्रकारांत अजून निघतं. रझा आणि आरांसारख्या तरुणांना त्याच्याकडून मोकळ्या, झळझळीत रंगाचं बळ मिळालं. तो रंग युरोपातून मुंबईत आला त्यालाही आता ऐंशीच्या वर वर्षं होऊन गेली. आता तो परका म्हणायचं कारण नाही. मात्र मुंबईचा उजेड झळझळीत असतो हे आपण फार लवकर मान्य करून टाकलं. हिवाळ्यात सकाळी साडेसातच्या आत इथे जे असतं ते झळझळीत नाही, मऊ आहे, ओलं आहे, आणि त्याची चित्रं कमी झाली आहेत. मला आणखी करायची आहेत.

पक्कं वार्निश ऑगस्टनंतर. तोवर भिंतीवर, उघडं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. बीज

आज रंग नेले नाहीत. दोन्ही चित्रं काकांना दाखवायला नेली, आता वरून वाळली आहेत. सूर्य आणखी डावीकडे गेला आहे, डिसेंबरपासून मोजलं तर एक पूर्ण मूठ.

काकांनी सुई बाजूला ठेवली, हात पंचाला पुसले, ओहोटीचं चित्र मांडीवर घेतलं. सूर्याकडे बघितलंच नाही. भिंत बघितली, मग दोर, मग केबिनचं छप्पर धक्क्याच्या किती खाली आहे ते बोटाने दाखवत मनाशी काहीतरी मोजलं.

“ही बीज आहे. बीज नाहीतर तीज.”

मी वही उघडून दाखवली. १ जानेवारी, १५ जानेवारी, ३१ जानेवारी. तिन्ही बीजा.

“मग बरोबर आहे,” म्हणाले. भरतीच्या चित्रावर नुसती नजर टाकली, “अष्टमी,” आणि सुई परत हातात घेतली.